गव्हाणीतला हिशेब आणि दुधाचा भाव

(दूध उत्पादकांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



दुधाच्या प्रश्नावर आपली चळवळ बोलते ती प्रामुख्याने भावाविषयी, आणि ते योग्यच आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्यात राज्य शासनाने गायीच्या ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ प्रतीच्या दुधाला लिटरमागे किमान ३४ रुपये दर जाहीर केला. पण ते वर्ष सरण्यापूर्वीच अनेक संकलन केंद्रांवर हा दर सत्तावीस रुपयांच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहूनही खाली आला. २०२४ च्या जानेवारीत लिटरमागे ५ रुपयांच्या अनुदानाची मलमपट्टी करावी लागली. कायद्याचे पाठबळ नसलेला किमान दर किती दिवस टिकतो, याचा धडा उत्पादकाला सहा महिन्यांत मिळाला. तेव्हा भावाची लढाई सोडून द्या, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही.

परंतु मला आज तुमचे लक्ष या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाकडे वेधावयाचे आहे. दुधाचा पैसा संकलन केंद्रावर येतो हे खरे. तो जातो मात्र गव्हाणीतून. दूध उत्पादनाच्या एकूण खर्चापैकी साधारणपणे साठ ते सत्तर टक्के खर्च हा एकट्या खाद्याचा असतो. म्हणजे दोन-चार गायींवर संसार चालवणाऱ्या कुटुंबाच्या हातात काय उरणार, याचा निम्म्याहून अधिक निकाल वैरण आणि पेंड यांच्या हिशेबात लागतो. या हिशेबाकडे आपण कार्यकर्त्यांनी आजवर फारसे पाहिले नाही. ते काम पशुवैद्यकाचे किंवा पेंडीच्या दुकानदाराचे, अशी आपली समजूत राहिली. मोर्चा आपला आणि गोठा मात्र दुकानदाराचा, ही वाटणी उत्पादकाला महागात पडली आहे.

एका गायीचा ताळेबंद

आपण एक उदाहरण घेऊ. यातील भाव मी सोयीसाठी गृहीत धरले आहेत. तुम्ही आपापल्या गावचे भाव घालून हेच गणित पुन्हा मांडा. चारशे किलो वजनाची एक संकरित गाय आहे, ती दिवसाला १२ लिटर दूध देते आणि दर ३० रुपये आहे. दुधाचे ३६० रुपये झाले. मालक तिला दिवसाला ६ किलो गोळी पेंड घालतो. ३२ रुपये दराने तिचे १९२ रुपये. २० किलो उसाचे वाढे आणि हिरवे गवत, अडीच रुपये किलोने ५० रुपये. ६ किलो कडबा, ८ रुपये किलोने ४८ रुपये. एकूण २९० रुपये. म्हणजे एका लिटरमागे चोवीस रुपये गव्हाणीत गेले आणि गायीमागे हातात उरले ७० रुपये. याच सत्तर रुपयांतून औषधपाणी, कृत्रिम रेतन, वीज, गायीसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज आणि गाय आटल्यानंतरच्या महिन्यांचा खर्च निघावयाचा आहे. पहाटे पाचला शेण काढण्यापासून रात्री दावणीत वैरण टाकण्यापर्यंत राबणाऱ्या बाईच्या मजुरीचे नाव तर या हिशेबात कोठे आलेलेच नाही.

आता हीच गाय, हेच बारा लिटर दूध, आणि हाच तीस रुपये दर कायम ठेवू. घरच्या मक्याचा मुरघास १५ किलो, घरखर्च धरून ४ रुपये किलोने ६० रुपये. लसूणघास ५ किलो, २० रुपये. कडब्याची कुट्टी ४ किलो, ३२ रुपये. मक्याचा भरडा, पेंड, चुणी आणि भुसा मिसळून तयार केलेला खुराक ५ किलो, २९ रुपयांप्रमाणे १४५ रुपये. खनिज मिश्रण व मीठ ८ रुपये. एकूण २६५ रुपये. उरले ९५. दूध एक थेंबही वाढले नाही, भाव एक पैशानेही वाढला नाही, तरी दररोज गायीमागे २५ रुपये वाचले. तीन गायींचे दिवसाला ७५ आणि दुधाच्या तीनशे दिवसांचे साडेबावीस हजार रुपये. शेतमजुराच्या किंवा दीड एकरवाल्याच्या घरात ही रक्कम म्हणजे मुलीच्या शिक्षणाचे एक वर्ष असते.

शास्त्रज्ञ याला खाद्याची कार्यक्षमता म्हणतात. एक किलो कोरड्या खाद्यांशातून किती दूध निघाले, हे तिचे माप. पण गोठ्यात बसून मोजावयाचे असेल तर त्याहून सोपे माप पुरते : दुधाचे पैसे वजा खाद्याचे पैसे. जास्तीत जास्त दूध हे उत्पादकाचे उद्दिष्ट असू शकत नाही. अखेरचे दोन लिटर काढण्यासाठी घातलेली पेंड त्या दोन लिटरच्या किमतीहून महाग पडत असेल, तर त्या दुधाने फक्त पेंडवाल्याचे आणि संकलकाचे भले केले.

सर्वांना एकच घमेले

मग पैसा गळतो कोठे? पहिली आणि सर्वांत मोठी गळती म्हणजे सर्व गायींना एकाच घमेल्याने पेंड घालण्याची रीत. साधा ठोकताळा असा आहे की संकरित गायीला शरीर पोसण्यासाठी एक ते दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक लागतो; म्हशीचे दूध घट्ट असल्यामुळे तिला दर दोन लिटरमागे एक किलो. आता एका दावणीला दोन गायी आहेत. एक नुकतीच व्यालेली, १८ लिटर देणारी. दुसरी आटत चाललेली, ६ लिटरवर आलेली. दोघींनाही सहा-सहा किलो पेंड पडते. वस्तुतः पहिलीला पावणेनऊ किलोच्या आसपास हवी आणि दुसरीला चार किलोही पुष्कळ झाली. परिणाम असा होतो की पहिली गाय अंगावरचे मांस-चरबी झिजवून दूध देते, महिन्या-दीड महिन्यात उतरते आणि पुढे वेळेवर माजावर येत नाही. दुसरी मात्र चरबी साठवते आणि पुढच्या वेताला अडते. दोघींची गरज एकत्र केली तर साडेबारा किलोंच्या आसपासच राहते. आपण घालतो बाराच. पेंड जवळजवळ तेवढीच, फक्त वाटप चुकले. समान वाटप आणि न्याय्य वाटप यांतील फरक समाजवादी कार्यकर्त्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी. गव्हाणीलाही तोच नियम लागू आहे.

याला उपाय एकच : दर आठवड्याला एक दिवस प्रत्येक गायीचे दूध वेगळे मोजणे आणि त्याप्रमाणे माप बदलणे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०११-१२ ते २०१८-१९ या काळात, संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला तो याच तत्त्वावर. गावातलीच एक प्रशिक्षित व्यक्ती गोठ्यात येई, फितीने जनावराच्या छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज काढी, दूध मोजी, घरात कोणती वैरण आहे ते पाही आणि त्यातूनच कमीत कमी खर्चाचा आहार सुचवी. गावाच्या माणसाने गावच्याच चाऱ्यावर उभा केलेला हा सल्ला दुकानदाराच्या सल्ल्याहून वेगळा होता, कारण सल्लागाराला पोते विकावयाचे नव्हते.

वैरण : अर्धी पोटात, अर्धी पायाखाली

दुसरी गळती वैरणीची. अख्ख्या पेंढ्या दावणीत टाकल्या की गाय पाला खाते, बुडखे टाकते आणि उरलेले पायाखाली तुडवते. कडबा आठ रुपये किलोने घेऊन त्यातला चौथा हिस्सा उकिरड्यावर घालणारे कुटुंब आपण सावकाराच्या व्याजाला नावे ठेवताना पाहतो. ही नासाडी कुट्टीने थांबते. कुट्टीयंत्र एकट्याला परवडत नसेल तर पाच-सात घरांनी मिळून घ्यावे. पिठाची गिरणी गावात एक असते. कुट्टीयंत्र मात्र घरोघरी असावे किंवा मग नसावेच, असे का?

मुरघासाचे तंत्र अवघड नाही. मक्याचे दाणे चिकाच्या अवस्थेतून पिठाळ होऊ लागले की पीक कापावे, बारीक कुट्टी करावी, पिशवीत किंवा खड्ड्यात दाबून दाबून भरावी आणि हवा आत शिरणार नाही असे बंद करावे. साधारण दीड महिन्यात ती आंबून मुरते आणि बंद राहिली तर महिनोन् महिने टिकते. हवा राहिली तर बुरशी येते; बुरशीचा चारा फेकावा लागतो, आणि तो गायीला घातला तर त्यातले विष दुधातही उतरते. चांगला मुरघास असेल तर खुराक एखाद्या किलोने सहज उतरतो, कारण मक्याचे दाणे त्यातच असतात. त्याहून मोठा लाभ म्हणजे उन्हाळ्यात वैरणीचे भाव चढतात तेव्हा आपण बाजाराच्या दयेवर राहत नाही. दुष्काळी तालुक्यातील उत्पादकाला पावसाळ्यातला चारा चैत्र-वैशाखात नेता आला, तर एप्रिलमध्ये निम्म्या किमतीला गाय विकण्याची पाळी येत नाही.

ज्यांच्याकडे पाणी नाही, त्यांच्याकडे निदान गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा असतो. शंभर किलो काडावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडला आणि ते एकवीस दिवस झाकून ठेवले, तर त्यातील प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते आणि ते पचावयासही सुलभ जाते. मात्र माप चुकले किंवा युरिया नीट विरघळला नाही तर विषबाधा होते, आणि सहा महिन्यांखालील वासरांना हे खाद्य देऊ नये. असे प्रयोग पत्रक वाटून होत नाहीत. एकदा जाणत्याच्या देखरेखीखाली गावात करून दाखवावे लागतात.

साखर पट्ट्यातल्या मित्रांना एक सूचना विशेष. तोडणीच्या हंगामात वाढे स्वस्त किंवा फुकट मिळतात म्हणून चार-पाच महिने गाय केवळ वाढ्यांवर ठेवण्याची रीत आहे. वाढ्यांतील ऑक्झलेट शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. फुकटच्या वाढ्यांची किंमत मग व्यायल्यावर बसकण मारणाऱ्या गायीच्या सलाइनमध्ये आणि न टिकणाऱ्या गाभात चुकती करावी लागते. वाढे घालू नका असे नाही. त्यांबरोबर दुसरी वैरण आणि रोज खनिज मिश्रण द्या.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी दमडीही लागत नाही : पाणी. दुधाचा सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच आहे. दिवसातून दोनदा बादली दाखवण्याऐवजी गायीला मोकळे सोडून हौदावर हवे तेव्हा पाणी पिऊ दिले, तर तेवढ्याच खाद्यात दूध सुधारते आणि बादल्या वाहणाऱ्या बाईचे श्रमही वाचतात. मुक्त गोठ्याची पद्धत आपल्याकडे पसरली, त्यामागे हेही एक कारण आहे.

या साऱ्याचा भावाशीही थेट संबंध आहे. वैरण कमी आणि पेंड जास्त झाली की गायीच्या पोटात आम्लता वाढते आणि फॅट घसरते. ऊर्जा अपुरी पडली की एसएनएफ घसरते. संकलन केंद्रावर ३.५ आणि ८.५ च्या खाली प्रत्येक पॉइंटला कपात होते ती येथून सुरू होते. यंत्र सदोष असेल तर त्याविरुद्ध लढलेच पाहिजे, आणि तशा तक्रारी रास्त असतात. पण आपली गव्हाण निर्दोष आहे असे दाखवता आले, तर ती लढाई अधिक ताकदीने लढता येते.

पोत्यावरचे अक्षर

तिसरी गळती खरेदीतली. पोत्यावर गायीचे चित्र किती मोठे आहे, हे पाहून पेंड घेतली जाते. आत प्रथिने किती, हे कोणी वाचत नाही. भारतीय मानक ब्युरोने संमिश्र पशुखाद्याची प्रमाणके ठरवली आहेत. पहिल्या प्रकारात किमान २२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारात किमान २० टक्के प्रथिने असावी लागतात. दोन पोत्यांची तुलना करताना भावाला या टक्केवारीने भागण्याची सवय लावली पाहिजे. समजा सरकी पेंड ३६ रुपये किलो आहे आणि तिच्यात २२ टक्के प्रथिने आहेत, तर प्रथिनांचा भाव किलोला सुमारे १६४ रुपये पडतो. सोयाबीन पेंड ४८ रुपये असली आणि तिच्यात ४५ टक्के प्रथिने असली, तर तोच भाव सुमारे १०७ रुपये. महाग दिसणारी वस्तू येथे स्वस्त ठरते. अर्थात सरकीत तेलाचा अंशही असतो, म्हणून केवळ प्रथिनांवर निर्णय होत नाही. पण भागाकार न करता खरेदी करणारा ग्राहक हा व्यापाऱ्याचा आवडता ग्राहक असतो.

येथे गव्हाणीचा हिशेब दिल्लीच्या धोरणाशी जाऊन भिडतो, हे विसरू नका. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध घातले. त्या हंगामात इथेनॉलचे कारखाने मोठ्या प्रमाणावर मक्याकडे वळले आणि कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यातला मका महागला. मक्याला भाव मिळणे हे मका उत्पादकाच्या हिताचेच आहे, त्याबद्दल आपली तक्रार असू नये. पण मोटारीच्या टाकीत काय जावे आणि गव्हाणीत काय जावे, हे ठरवताना दूध उत्पादकाला कोणी विचारले नाही, हे सत्य आहे. झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची सुमारे ११ टक्के, कोरड्या चाऱ्याची सुमारे २३ टक्के आणि खुराकाची सुमारे २९ टक्के तूट आहे. जगात सर्वाधिक दूध काढणारा आपला देश अर्धपोटी गुरांवर हा विक्रम करीत आहे.

न बोलणारा खर्च

चौथा खर्च आहे तो दूध न देणाऱ्या दिवसांचा. गायीने तेरा-चौदा महिन्यांनी पुन्हा व्यावे, ही अपेक्षा रास्त आहे. ती अठरा महिन्यांवर गेली तर चार-पाच महिने गाय खाते आणि देत काही नाही, किंवा नाममात्र देते. एक माज नजरेतून सुटला की पुढचा येतो एकवीस दिवसांनी. दिवसाला सव्वाशे रुपयांचे खाद्य धरले तरी एका दुर्लक्षाची किंमत अडीच हजारांवर जाते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर माजाची, रेतनाची आणि व्यायल्याची तारीख लिहिणे हा खर्च वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्याचप्रमाणे व्यायच्या आधी साठ दिवस गाय आटवणे हा खर्च मानू नये. ती पुढच्या वेताची पेरणी आहे.

अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी १९६० च्या दशकातच या देशातील गुरांच्या संख्येचा प्रश्न निर्भीडपणे मांडला होता. मर्यादित चारा अनुत्पादक जनावरांतही वाटला गेला की उत्पादक जनावर उपाशी राहते, हे त्यांच्या मांडणीचे सार होते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायींच्या कत्तलीला बंदी होतीच. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही तिच्यात आले. श्रद्धेचा आदर ठेवूनही एक प्रश्न विचारला पाहिजे : भाकड गाय आणि संकरित गोऱ्हा यांचा बाजार आटल्यानंतर त्यांच्या पोषणाचा भार कोणी उचलावयाचा? कायदा करणाऱ्यांनी तो गरीब उत्पादकाच्या दावणीला बांधला आणि ते मोकळे झाले. समाजाला गोवंश राखावयाचा असेल तर त्याच्या वैरणीचा खर्चही समाजाने द्यावा, ही मागणी आपल्या कार्यक्रमात असली पाहिजे. तोपर्यंत कालवडी अधिक होतील अशा रेतमात्रांचा वापर, आणि दोन उपाशी गायींऐवजी एक पोटभर खाणारी गाय, एवढे शहाणपण आपल्या हाती आहे.

वाचलेला पैसा कोणाचा?

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात उठलेल्या आक्षेपाला उत्तर देतो, कारण तो गंभीर आहे. उत्पादकाने काटकसर करून खर्च चार रुपयांनी खाली आणला, की संकलक भाव चार रुपयांनी खाली आणील. मग या काटकसरीचा उपयोग काय? असंघटित उत्पादकाच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. उत्पादनखर्च कमी करा, हा उपदेश शासन आणि कंपन्या नेहमीच करतात. भाव न देण्याची ती सभ्य भाषा असते. म्हणूनच हिशेब आणि संघटना यांची फारकत होता कामा नये.

याचे उत्तर इतिहासात आहे आणि त्याचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. मुंबईच्या दूध योजनेला खेडा जिल्ह्यातून दूध जाई आणि त्याचा मक्ता पोल्सन कंपनीकडे होता. १९४६ मध्ये खेड्याच्या शेतकऱ्यांनी त्या मक्त्याविरुद्ध पंधरा दिवस दूध घातले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. त्यातूनच अमूल उभे राहिले. संप आणि संघ हा भाग सर्वांना ठाऊक असतो. पुढचा भाग क्वचित सांगितला जातो. या संघाने कांजरी येथे स्वतःचा पशुखाद्य कारखाना उभारला. १९६४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदला आले ते याच कारखान्याच्या उद्घाटनासाठी, आणि त्या भेटीतून १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा जन्म झाला. विचार करा : धवलक्रांतीचा राष्ट्रीय अध्याय सुरू झाला तो पेंडीच्या कारखान्याच्या दारात. दूध विकत घेणारी संस्था आणि खाद्य पुरवणारी संस्था दोन्ही उत्पादकांच्या मालकीच्या असतील, तर एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने जात नाही, हे त्या संघाने ओळखले होते. आपल्याकडेही कोल्हापूरच्या 'गोकुळ'सारख्या संघाने स्वतःचे पशुखाद्य उत्पादन उभारले आहे. पण महाराष्ट्रातील संकलनाचा मोठा हिस्सा आज खाजगी डेअऱ्यांच्या हाती आहे, आणि तेथे दूध घेणारा व पेंड विकणारा एकच असला तरी तो उत्पादक नसतो. पेंडीचे पैसे दुधाच्या पगारातून कापले जातात. उत्पादकाला पंधरवड्याच्या शेवटी मिळते ते वजाबाकीचे उत्तर.

आणि ज्याला जमीनच नाही त्याचे काय? त्याचा चारा एकेकाळी गायरानात होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने गुरांची चराऊ राने गिळल्याची तक्रार केली होती. आज गायराने अतिक्रमणात, प्रकल्पांत आणि बड्यांच्या कुंपणात जात आहेत. भूमिहीनाची शेळी आणि एक गाय टिकावयाची असेल तर गायरानाच्या काही भागावर सामुदायिक चारा लागवड आणि तिच्यात भूमिहीनांचा पहिला हक्क, ही मागणी ग्रामसभेत मांडावी लागेल.

कार्यक्रम

मित्रहो, शेवटी करावयाच्या कामांकडे येतो. पहिले काम, प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील दहा घरांत वही सुरू करून द्यावी. डाव्या पानावर दररोजचे दूध, फॅट, एसएनएफ आणि मिळालेला दर. उजव्या पानावर पेंड, वैरण, औषध आणि किती तास काम झाले ते. ही वही घरातील बाईच्या हाती असावी, कारण गोठा तिच्या हाती आहे. आणि दुधाचा पगारही तिच्याच बँक खात्यावर जमा व्हावा, असा आग्रह धरावा. तिचे श्रम एकदा कागदावर आले की उत्पादनखर्चाच्या चर्चेत ते कोणाला पुसता येणार नाहीत.

दुसरे, दर आठवड्याला गायवार दूध मोजून खुराकाचे माप बदलण्याची सवय. तिसरे, पाच-सात घरांचे कुट्टीयंत्र, एक सामुदायिक मुरघासाचा खड्डा आणि पेंडीची एकत्र खरेदी, तीही पोत्यावरील प्रथिने वाचून आणि शक्य तेथे नमुना तपासून. चौथे, तीन महिन्यांनी या दहा वह्या एकत्र मांडून गावाचा सरासरी उत्पादनखर्च काढावयाचा आणि तो तालुक्याला, जिल्ह्याला पाठवावयाचा.

या चौथ्या कामासाठीच मी पहिली तीन सांगितली. आज दर ठरवणाऱ्या बैठकीत डेअरीचा प्रतिनिधी भुकटीचा आणि लोण्याचा भाव घेऊन येतो, त्याच्याजवळ प्रत्येक पैशाचा हिशेब असतो. आपला प्रतिनिधी तेथे जातो तो संतापाचे भांडवल घेऊन. त्याच्या पिशवीत शेकडो गोठ्यांच्या वह्या असतील, त्यांत नासाडी वगळलेला काटेकोर खर्च आणि न दिलेली मजुरी लिहिलेली असेल, तर 'तुमचेच गोठे नीट नाहीत' असे त्याला कोणी सुनावू शकणार नाही. काटकसरीने वाचलेला रुपया उत्पादकाकडेच राहावा यासाठी कायद्याने बांधील असा दर मागावयाचा, आणि तो किती असावा हे आपल्या वहीतून दाखवावयाचे.

येत्या हंगामापूर्वी वह्या सुरू करा. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने निदान दहा घरांचा तीन महिन्यांचा हिशेब बरोबर आणावा. त्यानंतर आपण दराच्या मागणीचा मसुदा लिहावयास बसू.